जुळवलेले आणि घडवलेले

मराठीत 'जुळवणे' आणि 'घडवणे' ही दोन क्रियापदे सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मडके घडवतात, मूर्ती घडवतात, दागिना घडवतात. मूल घडवावे असे आम्हा शिक्षकांना सांगण्यात येते. लग्न मात्र जुळवतात, पेरणीच्या तोंडावर पैसे जुळवतात, पाहुणे अवेळी आले की घरातली बाई स्वयंपाकाचे कसेबसे जुळवून आणते. घडवणाऱ्याच्या मनात वस्तूचे रूप आधी असते आणि त्या रूपाला साजेल असे साहित्य तो मिळवतो. जुळवणाऱ्याच्या पुढ्यात साहित्य आधी असते, तेही बहुधा अपुरे. त्यातून जे रूप निघेल ते तो पत्करतो. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथात बराचसा असाच भेद मांडला आहे. एकीकडे इंजिनियर आणि दुसरीकडे हाताशी पडलेल्या जुन्यापान्या तुकड्यांतून काम भागवणारा हरहुन्नरी माणूस, अशा दोन व्यक्ती त्यांनी समोरासमोर उभ्या केल्या, आणि पुराणकथा रचणारे मन या दुसऱ्या माणसासारखे काम करते असे म्हटले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तो ग्रंथ मला इतरांच्या लेखांतूनच माहीत आहे. तथापि त्यातला हरहुन्नरी माणूस मला मुळीच परका वाटला नाही. आमच्या गावात तो प्रत्येक आळीत राहतो.

लेव्ही-स्ट्रॉस यांच्यापुढचा प्रश्न होता तो मन कसे चालते याचा. माझ्यापुढचा प्रश्न त्याहून साधा आहे, आणि म्हणूनच तो मला टाळता येत नाही. जुळवलेल्या वस्तूवर आपण आपला भार टाकला, तर ते आपले आपण पाहून घेऊ. पण तिच्यावर दुसऱ्याचा भार टाकण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोचतो? हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही. तो एका पिकअप गाडीच्या पोटाखाली भेटला. तेव्हा त्या गाडीची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

आमचे लिंबागणेश बीड तालुक्यात, बालाघाटच्या डोंगररांगेवर, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. बाहेरच्या माणसाला ते भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे ठाऊक असते. आम्हा रहिवाशांना ते मुरमाड जमिनीमुळे, डोंगरउतारावरच्या सीताफळींमुळे आणि दसरा सरला की एकामागून एक कुलपे लागणाऱ्या घरांमुळे अधिक ठाऊक आहे. इथे बैलगाडीची जागा आता पुष्कळ अंशी पिकअपने घेतली आहे. पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा, आणि दोन्ही एकाच लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चेसीवर, पण वेगवेगळी बसवलेली. आश्विनात या हौद्यात सीताफळांचे क्रेट असतात, उन्हाळ्यात पाण्याची टाकी असते, लग्नसराईत वऱ्हाड असते, आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेली माणसे असतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशी एक वापरलेली पिकअप विकत घेतली. आमच्या शिवारातल्या वाटा म्हणजे दगड आणि खोल चाकोऱ्या. उसाच्या फडातून बाहेर पडायचे तर पाट आणि बांध ओलांडावे लागतात. म्हणून त्याने मूळच्यापेक्षा मोठे टायर घातले. गाडी रिकामी असताना सारे ठीक चाले. हौदा भरला की कमानीचे पाटे दबत आणि टायर हौद्याच्या पोटाला घासू लागे. रबर करपल्याचा वास येई. तेव्हा त्याने ठरवले की हौदाच चेसीवरून वर उचलायचा. जिथे जिथे हौदा चेसीला बोल्टाने जखडलेला असतो तिथे तिथे मध्ये उंचवटा द्यायचा आणि पहिल्यापेक्षा लांब बोल्ट घालून पुन्हा आवळायचे. याने गाडी दगडांपासून उंच होते असा पुष्कळांचा समज असतो, तो बरोबर नाही. आस असतो तिथेच राहतो आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा दगडाला लागायचा तो लागतोच. उंच होतो तो हौदा, आणि हौद्यातला भार. भार जितका उंच तितका वळणावर गाडीचा झोल अधिक.

हा उंचवटा देण्याच्या दोन रीती जगभर आहेत. एक घडीव. त्याच कामासाठी मुद्दाम केलेले धातूचे किंवा कठीण प्लास्टिकचे ठोकळे, त्यांच्या मापाचे बोल्ट, रुंद चकत्या, आणि केबिनही उचलायची असल्यास स्टिअरिंगच्या दांड्याला जोड, ताणल्या जाणाऱ्या नळ्यांना आणि तारांना वाढीव तुकडे, असा सारा संच एकत्र मिळतो. दुसरी रीत जुळवाजुळवीची. अमेरिकेत आणि कॅनडात काही हौशी लोक यासाठी बर्फावरच्या हॉकीची चकती वापरतात. ती घट्ट रबराची, एक इंच जाड आणि तीन इंच रुंद असते. मधोमध भोक पाडले की झाला ठोकळा. आमच्याकडे बर्फ नाही, पण बाभूळ आहे. माझ्या विद्यार्थ्याने बाभळीचे तीन-तीन इंचांचे ठोकळे कापून घेतले, वर जुन्या टायरची पट्टी ठेवली, बाजारातून लांब बोल्ट आणले, आणि एका दुपारी चार गड्यांच्या मदतीने हौदा उचलून तो मोकळा झाला.

बाभूळ हे काही ऐरेगैरे लाकूड नव्हे. पिढ्यानपिढ्या आमच्या बैलगाड्या तिच्याच जिवावर चालल्या. परंतु चाकातली बाभूळ आणि ठोकळ्यातली बाभूळ यांत फरक आहे. चाकाच्या कडेवर लोखंडी धाव तापवून चढवलेली असे. थंड होताना ती आवळे आणि आरे, पाटे, तुंबा यांना एकजीव करी. उन्हाळ्यात लाकूड वाळून चाक खुळखुळू लागले की ते पाण्यात टाकीत, नाहीतर धाव उतरवून पुन्हा चढवीत. लाकूड वाळते, दबते, फुगते, हे ज्याने चाक रचले त्याला पक्के ठाऊक होते आणि त्याचा बंदोबस्त त्या रचनेतच होता. ठोकळ्याला तो बंदोबस्त नाही. वास्तविक हौदा जागेवर राहतो तो केवळ बोल्ट मध्ये आडवा येतो म्हणून नव्हे. बोल्ट आवळल्याने दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट दाबून धरतात आणि त्या दाबातून येणारे घर्षण आडवे धक्के सोसते. लाकूड केसभर बारीक झाले तरी ही पकड सैल होते. मग प्रत्येक धक्का थेट बोल्टाच्या अंगावर येऊ लागतो, आणि बोल्ट जितका लांब तितका तो लवकर वाकतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ही गाडी आमच्या दाराशी उभी असताना मी खाली वाकून पाहिले, तेव्हा मागच्या बाजूच्या एका बोल्टाचा नट बोटाने फिरत होता.

मी त्याला म्हटले, "अरे, हे असं किती दिवस चालायचं?"

तो म्हणाला, "गुरुजी, कंपनीनं ही गाडी काय आपल्या शिवारासाठी केली होय? त्यांच्या कागदावर डांबरी रस्ता हाय. आपल्याला बसंल तसं आपण बसवून घेतलं."

"आणि हा नट?"

"आठ दिसाला आवळतो की. पाना सीटखालीच असतो."

ही दोन्ही उत्तरे मी हसण्यावारी नेली नाहीत. त्यांत विचार आहे, आणि तो आपल्या पुष्कळ शिकलेल्या माणसांच्या विचारापेक्षा खरा आहे.

पहिल्या उत्तराचा अर्थ असा की घडीव वस्तू कुणाच्या तरी हेतूने घडवलेली असते, आणि तो हेतू आपला असेलच असे नाही. गावातला सुतार गाडी करी तेव्हा त्याला त्या शेतकऱ्याच्या बैलांची उंची ठाऊक असे, त्याच्या शेताची वाट ठाऊक असे, गाडीत शेणखत जायचे की कडबा जायचा हेही ठाऊक असे. गाडी मोडली तर खळ्यावर बलुते मागताना त्याला त्याच शेतकऱ्यापुढे उभे राहावे लागे. कोणत्याही परीक्षेवाचून, शिक्क्यावाचून तो जबाबदार होता, कारण त्याला तोंड लपवायला जागा नव्हती. बलुतेदारीचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या व्यवस्थेत माणसाला जन्माने मिळालेल्या धंद्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हते तिच्यातली जबाबदारीही निम्मी सक्तीचीच होती. मला सांगायचे आहे ते एवढेच की त्या काळी घडवणारा ज्याच्यासाठी घडवी त्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे असे. आजचा कारखाना सरासरी माणसासाठी, सरासरी रस्त्यासाठी आणि सरासरी ओझ्यासाठी वस्तू करतो. त्याला दुसरे काही करणे शक्यही नाही. त्या सरासरीच्या बाहेर जो राहतो, त्याला जुळवून घेतल्यावाचून गत्यंतर नसते. 'जुगाड' हा उत्तरेकडचा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे आणि शहरात तो मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो. खेड्यातला माणूस किती कल्पक असतो, असे म्हणतात. असे म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीखाली बहुधा ठोकळे नसतात.

दुसरे उत्तर पान्याचे. जुळवलेल्या वस्तूला राखण लागते. घडीव वस्तूत घडवणाऱ्याने आपले लक्ष आधीच ओतून ठेवलेले असते, म्हणून वापरणाऱ्याला थोडे बेफिकीर राहता येते. जुळवलेल्या वस्तूला ते लक्ष बाहेरून रोज पुरवावे लागते. ज्याने ठोकळा बसवला त्यालाच तो कुठे कच्चा आहे हे माहीत असते. तो जवळ आहे, जागा आहे आणि पाना त्याच्या हातात आहे, तोवर ती वस्तू अप्रामाणिक नाही. अशा जागेपणातून फार मोठी कामेही उभी राहिली आहेत. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर यांनी १९६८ च्या सुमारास जो कृत्रिम पाय तयार केला तो जुळवाजुळवीतूनच निघाला. परदेशी धाटणीचा पाय बुटात घालण्यासाठी होता; आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, चिखलात उतरतो. ट्रकच्या टायरला नवे रबर चढवणाऱ्या दुकानातली रीत त्यांनी पायाकडे वळवली. पहिले प्रयोग टिकले नाहीत. ते मोडले, बदलले, पुन्हा रुग्णाच्या पायाला लावून पाहिले गेले; आणि हळूहळू ती जुळवलेली वस्तू घडलेली वस्तू झाली. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामात मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: जुळवणाऱ्यांनी, चालते आहे ना, मग चालू द्या, असे म्हटले नाही. ज्याच्या पायाला ती वस्तू लागायची होती, त्याच्या मुक्कामी ते परत परत गेले.

इथवर मी माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे. पण त्या दिवशी गाडीखालून उठताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती अजून मनातून जात नाही. ठोकळे फक्त हौद्याखाली होते. केबिन कंपनीने बसवली होती तशीच, आपल्या मूळच्या रबरांवर आणि मूळच्या बोल्टांवर पक्की होती. केबिनमध्ये तो स्वतः बसणार होता, शेजारी त्याची बायको आणि धाकटा मुलगा. हौद्यात बसणार होती ती टोळी. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराने होते. असे दहा कोयते, त्यांची लेकरे, कुणाची म्हातारी आई, ज्वारीची पोती, भांड्यांची बोचकी, ताडपत्र्या, एखादी शेळी, एवढे सगळे त्या बाभळीवर बसून रात्रभराच्या प्रवासाला निघायचे होते.

तो कपटी माणूस नाही. हौदा घासत होता म्हणून त्याने हौदा उचलला. केबिन घासत नव्हती, म्हणून ती तशीच राहिली. यात डावपेच काही नाही. तरीही गाडीने आपोआप एक विभागणी करून टाकली होती. ज्याने ठरवले तो कारखान्याच्या बोल्टांवर बसला आणि ज्यांना विचारले नाही ते ठोकळ्यांवर बसले. पुष्कळसा अन्याय कुणी दुष्टपणे रचलेला नसतो असे मला अलीकडे वाटू लागले आहे. प्रत्येक जण आपल्यापुढची अडचण तेवढी जुळवून पुढे सरकतो, आणि साऱ्या जुळवाजुळवीचा भार शेवटी नेमका त्याच्याच अंगावर येतो ज्याला ठोकळा दिसतही नाही.

हौद्यातल्या कुणालाही त्या सैल नटाची माहिती नव्हती. पण माहिती असती तर काय झाले असते? ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, ती घरात, लग्नात किंवा दवाखान्यात खर्च करून टाकली आहे, तो माणूस 'मी या गाडीत बसत नाही' असे म्हणू शकतो काय? नीतिशास्त्रात संमतीला मोठी किंमत आहे. परंतु नाही म्हणण्याची सोय ज्याला नाही त्याच्या होकाराला संमती म्हणणे हा शब्दांचा खेळ झाला. मी स्वतः एखादा धोका पत्करला तर त्याला धाडस म्हणा, मूर्खपणा म्हणा, तो माझा आहे. तोच धोका मी दुसऱ्याच्या अंगावर न सांगता घातला, तर मी त्याच्या नावावर कर्ज काढले आणि पैसे मी वापरले असे होते. ते फेडण्याची वेळ आली तर दारात उभा राहणारा सावकार त्याचाच पत्ता विचारत येईल.

घडीव वस्तूचे नैतिक मोल कशात आहे हे मला इथे उमगते. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेला असतो. पहिला आठ तो बोल्ट तुटेपर्यंत किती ताण सोसेल हे सांगतो. टिंबापुढचा आठ असे सांगतो की त्या ताणाच्या दहांत आठ हिश्शांपर्यंत तो ताणला तरी सोडल्यावर मूळच्या लांबीवर परत येईल. हा आकडा मला एखाद्या सहीसारखा वाटतो. ज्याने तो बोल्ट केला त्याने लिंबागणेशचे नावही ऐकलेले नसेल. तो बोल्ट कोणत्या गाडीला लागेल, तिच्यात कोण बसेल, ते कोणत्या जातीचे आणि किती ऐपतीचे असतील, यातले त्याला काहीच माहीत नाही. तरीही त्याने शब्द देऊन ठेवला आहे. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाची आगाऊ केलेली ही काळजी आहे, आणि सुताराच्या ओळखीतल्या जबाबदारीपेक्षा ती मला एका दृष्टीने मोठी वाटते. कारण तिच्यात कोणाचा चेहरा पाहावा लागत नाही. माझ्या विद्यार्थ्याने बाजारातून आणलेल्या बोल्टांच्या डोक्यांवर काहीच लिहिलेले नव्हते. त्यांनी कुणाला कसलाही शब्द दिलेला नव्हता.

म्हणून घडीव ते सारे शुद्ध आणि जुळवलेले ते सारे पाप, असा निष्कर्ष काढून मोकळे होता येईल काय? तसे होता आले असते तर हा लेख इथेच संपला असता. एक तर शहरात पैसेवाले लोक असले घडीव संच बसवतात ते बहुधा गाडी रुबाबदार दिसावी म्हणून. तिथे वस्तू उत्तम असते आणि गरज मात्र हौसेने जुळवलेली असते. दुसरे म्हणजे कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हा दंडक कडकपणे लावला. त्या दंडकापुढे केवळ ठोकळा महागाचा आणि घडीव आहे एवढ्याने सुटका होत नाही. हे योग्यच आहे. पण रस्त्यावर हा दंडक कुणाला आधी भेटतो? कर्ज काढून जुनी पिकअप घेतलेल्या माणसाला. ज्यांच्या हिशेबात त्या गाडीचे भाडे शेवटी धरलेले असते ते त्या नाक्यावर हजर नसतात.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. समजा, माझ्या विद्यार्थ्याने उद्या जगातला सर्वोत्तम घडीव संच आणून बसवला, प्रत्येक बोल्टावर ८.८ आहे, प्रत्येक नट मापाने आवळला आहे. मग त्या हौद्यात माणसे बसवायला माझी हरकत राहणार नाही काय? राहील. कारण हौदा घडवला गेला तो पोत्यांसाठी. त्याच्या फळ्या, त्याचे कडे, त्याची उंची, सारे काही जड आणि निर्जीव मालाच्या हिशेबाने ठरलेले आहे. त्यात माणूस बसवणे कायद्यालाही मान्य नाही. म्हणजे हौद्याखालचा ठोकळा ही त्या गाडीतली लहान जुळवाजुळव आहे. हौद्यात बसलेला माणूस ही मोठी.

ही मोठी जुळवाजुळव माझ्या विद्यार्थ्याने केलेली नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिला तो १९५० साली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत या महाराष्ट्राने साखरेच्या धंद्यात काय घडवले नाही? गाळपाची यंत्रे घडवली, वजनकाटे घडवले, उसाच्या जाती घडवल्या, कर्जाच्या आणि भागभांडवलाच्या रीती घडवल्या, नेते घडवले. कोणत्या फडाला तोड कधी लागायची याचे कोष्टकही घडवले. फक्त तो ऊस तोडणाऱ्या माणसाने घरापासून फडापर्यंत कसे पोचावे, पोचल्यावर कुठे निजावे आणि त्याच्या मुलाने त्या पाचसहा महिन्यांत कुठे शिकावे, एवढे मात्र ज्याचे त्याने जुळवून घ्यावे, असे ठेवले. त्याची कोप पाचटाची, बांबूची आणि ताडपत्रीची. ती दरवर्षी नव्याने उभी राहते आणि दरवर्षी तिला तात्पुरती म्हणतात. वडील तात्पुरत्या कोपीत निजले, मुलगा निजतो आहे, नातू तिच्यात रांगतो आहे. तरी तो शब्द काही झिजत नाही.

दिवाळीनंतर मी हजेरीपट उघडतो तेव्हा हे मला रोज दिसते. नावे तशीच असतात, त्यांच्यापुढे रेघा वाढत जातात. कारखान्याच्या तळावर साखरशाळा निघाल्या, आईबापांनी जाताना मूल गावातच ठेवावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांत राबणाऱ्या माणसांची मेहनत मी जवळून पाहिली आहे आणि तिला हसण्याचा अधिकार मला नाही. पण हे उपायही पाना घेऊन गाडीमागे धावण्यासारखे आहेत. नट सैल झाला की आवळायचा. हंगाम संपला की पुन्हा तो सैल व्हायचाच.

जुळवलेले कधी घडत नाही असे मात्र नाही, आणि याचा दाखला याच महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि बांध घालायला कामांवर आली. ती कामे घाईने काढलेली, हजेऱ्या कशाबशा भरलेल्या, पोटाला सुकडी. सारीच जुळवाजुळव. पण वि. स. पागे यांच्यासारख्या काही माणसांनी त्या जुळवाजुळवीकडे पाहून असे म्हटले की दरवेळी दुष्काळ पडला की धावाधाव करायची आणि पाऊस पडला की विसरायचे, हे बरे नव्हे. मागेल त्याला काम हा कायदा झाला पाहिजे. तो कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ साली देशाने रोजगाराच्या हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्याच्या पाठीशी होता. या योजनांमधले दोष मोजायला बसले तर रात्र पुरणार नाही. तरीही एक गोष्ट घडली: काल जो उपकार होता तो आज हक्क झाला, आणि माणसाला हात पसरण्याऐवजी अर्ज करता आला. ठोकळा काढून तिथे बोल्ट बसवणे म्हणतात ते हेच.

तेव्हा जुळवाजुळवीविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्याच्यासाठी कुणी काही घडवलेले नाही त्याला जुळवून घेण्याचा पुरता अधिकार आहे, आणि वेळप्रसंगी ते त्याचे कर्तव्यही आहे. माझे म्हणणे एवढेच की जुळवलेल्या वस्तूला मुदत असावी आणि ती वस्तूवरच लिहिलेली असावी. औषधाच्या बाटलीवर तारीख असते तशी ठोकळ्यावर असावी: अमुक दिवशी बसवला, अमुक दिवसाच्या आत काढायचा. ती तारीख उलटून गेली की ठोकळा लाकडाचा उरत नाही. तो खोट्या शब्दाचा होतो. आणि तोवर ज्याने बसवला त्याने वर बसावे, दुसऱ्याला बसवायचे तर आधी खाली वाकून त्याला तो दाखवावा. हे गाडीला जेवढे लागू तेवढेच शाळेला, कोपीला आणि सरकारी परिपत्रकालाही लागू आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे एवढ्या शब्दांत सांगितले नाही. त्याने माझ्यासमोर नट आवळला, दुसऱ्या दिवशी बीडला जाऊन मागचे दोन बोल्ट आकडा असलेले आणले, आणि बाकीचे "कारखान्यावरून परत आलो की बघू, गुरुजी," असे म्हणाला. संच घ्यायचा तर त्याला पैसे मुकादमाकडूनच उचलावे लागले असते, आणि ते फेडायला पुन्हा हौदाच भरावा लागला असता. तो गेला आणि चैत्रात सुखरूप परत आला. गाडी सुखरूप आली एवढ्याने ठोकळा बरोबर ठरतो, असे आमच्या गावात पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. दैवाने ज्याचा हिशेब तूर्त मागितला नाही तो हिशेब चुकता झाला असे होत नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आमच्या रस्त्यावर गाड्या भरू लागल्या असतील. फराळाच्या ताटातली साखर ज्या उसाची, तो ऊस तोडायला निघालेली माणसे बोचक्यांवर बोचकी रचून हौद्यात चढत असतील आणि मुले कडेच्या फळीला धरून, मोठ्या मजेने, बाहेर पाहत असतील. त्यांच्या पायांखाली काय आहे हे त्यांना ठाऊक नाही. आपल्याला आता ठाऊक आहे.